ऑस्करमध्ये ‘सर्वाधिक मते’ म्हणजे नेमकी कोणती?

महोदय,

अमुक चित्रपटाने सर्वाधिक मते मिळवून ‘सर्वोत्कृष्ट चित्रपटा’चे ऑस्कर पटकावले, असे वाक्य दरवर्षी छापून येते. अभिनय, दिग्दर्शन वगैरे विभागांच्या अंतिम मतदानात ज्याला जास्त मते तोच विजेता, हे खरे. सर्वोत्कृष्ट चित्रपटाला मात्र ऑस्कर देणारी संस्था, म्हणजे अकादमी, पसंतीक्रमाची पद्धत लावते: मतदार चित्रपटांना १, २, ३ असे क्रमांक देतात आणि कुणालाच निम्म्याहून जास्त मते नसतील, तर सर्वांत कमी मतांचा चित्रपट बाद होतो. २००९ सालच्या चित्रपटांपासून या विभागातली नामांकने ५ वरून १० झाली, तेव्हा ही पद्धत आणली गेली. १० जणांत मते फुटली की जेमतेम १५ टक्क्यांवरही कुणी जिंकू शकतो. ते टाळण्यासाठी हा मार्ग.

विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघाची मतमोजणी मी टेबलावर बसून केली आहे. उमेदवार बाद झाला की त्याचा गठ्ठा सोडायचा, प्रत्येक मतपत्रिकेवरचा पुढचा आकडा शोधायचा आणि ती त्या उमेदवाराच्या गठ्ठ्यात ठेवायची. पुढची पसंतीच नसेल तर ती मतपत्रिका मोजणीतून बाहेर. ऑस्करचे मतदान आता ऑनलाइन होते, तरी गणित हेच.

समजा १०० मते आहेत आणि शेवटी तीन चित्रपट उरले: ‘अ’ला ४०, ‘ब’ला ३३, ‘क’ला २७. ‘क’ बाद. त्या २७ पैकी २० जणांची पुढची पसंती ‘ब’, पाच जणांची ‘अ’, दोघांनी पुढे काहीच लिहिलेले नाही. आता ‘ब’ ५३, ‘अ’ ४५. उरलेल्या ९८ मतांत निम्म्याहून जास्त ‘ब’कडे, म्हणून ‘ब’ विजेता. इथे ‘अ’वर अन्याय झाला असे अनेकांना वाटते. मला तसे वाटत नाही. ‘अ’ आवडणाऱ्यांचे मत शेवटपर्यंत ‘अ’लाच मोजले गेले. दुसरी पसंती लिहिल्याने पहिलीला धक्का लागत नाही, आणि तिचे अर्धे-पाव गुणही कुणाला मिळत नाहीत. एका फेरीत एक मत एकाच चित्रपटाचे.

माझी तक्रार वेगळी आहे. २०१७ मध्ये ‘ला ला लँड’ला दिग्दर्शनासह ६ पुरस्कार मिळाले आणि सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला ‘मूनलाइट’. चुकीच्या लिफाफ्यामुळे मंचावर आधी ‘ला ला लँड’चेच नाव पुकारले गेले; त्या गोंधळावर रकानेच्या रकाने लिहिले गेले, पण मते फेरीगणिक कशी सरकली हे वाचकाला कळण्याची सोयच नव्हती, कारण अकादमी मतांचे आकडे जाहीर करत नाही. आमच्या मतमोजणीत कोण कितव्या फेरीत बाद झाला, त्याची मते कुणाकडे गेली, हे तिथेच पुकारले जाते. म्हणून हरलेलाही निकाल मान्य करतो.

लगेच आकडे दिले तर दहाव्या आलेल्याची मानहानी होईल, हे मला पटते. मग १० वर्षांनी द्यावेत. तोवर आपल्या वृत्तपत्राने निदान ‘पसंतीक्रमाच्या मोजणीत बहुमत मिळवून’ असे छापावे, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका