आईच्या वॉकरसाठी मदत करणाऱ्यांचे आभार

खुब्याच्या ऑपरेशननंतर आईला वॉकर हवा होता, म्हणून शनिवारी नौपाडा पालथा घातला. पहिल्या दुकानात चाकांचा, सीटवाला वॉकर गळ्यात मारायची तयारी चालली होती. किंमत ऐकून माझेच पाय लटपटले! शेजारी गुडघ्याचा पट्टा घ्यायला आलेल्या काकू हळूच म्हणाल्या, "अरे, घरात गुळगुळीत लादी असेल ना? चाकं पुढे पळतील. साधा अ‍ॅल्युमिनियमचा, घडीचा घे." काकू, तुमचं नाव विचारायचं राहिलंच.

पुढच्या दुकानातल्या मुलाने आधी माप विचारलं. मला कुठलं ठाऊक! मग त्याने घरी बहिणीला फोन लावायला लावला: आईला रोजची चप्पल घालून, धरून सरळ उभं करा, हात मोकळा सोडा, जमिनीपासून मनगटाच्या घडीपर्यंत मोजा. वॉकरची मूठ तेवढ्या उंचीवर हवी, म्हणजे धरताना कोपर किंचित वाकतं आणि माणूस पुढे झुकत नाही. चारही पाय सारख्याच भोकात अडकवून दिले, रबरी बुचं दाबून पाहिली, वर एक जादा जोड फुकट. बाराशेत काम झालं.

परतीच्या रिक्षावाल्या दादांनी मुख्यमंत्री वयोश्री योजनेचं सांगितलं. वय ६५ पूर्ण, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असेल तर अशा साधनांसाठी ३००० रुपये खात्यात येतात. आम्ही त्यात बसत नाही, पण शेजारच्या आजी बसतात. त्यांना लगेच कळवलं.

आई आज गॅलरीपर्यंत गेली. आता म्हणते, वॉकरला पिशवी अडकवून दे, चष्मा ठेवायला.