त्याच्या पुढच्या डाव्या पायाबद्दल

चि. मुक्तास, अनेक आशीर्वाद.

रेसकोर्सवरून फुकट मिळणारा जो घोडा तू घ्यायचा म्हणतेस, त्याचा तू पाठवलेला व्हिडिओ तीनदा पाहिला. सहा वर्षांचा, बांधा सुरेख, डोळा शांत. पण 'घोडा ठीक आहे ना?' हा तुझा प्रश्न रेसकोर्सवरून निघणाऱ्या घोड्याला लागू पडत नाही. दोन वर्षांचा असल्यापासून पळालेल्या थरोब्रेडच्या, म्हणजे शर्यतीच्या जातीच्या घोड्याच्या, पायात काही ना काही सापडतंच. विचारायचं ते असं: काय झालंय, किती जुनं आहे, आणि तुला जे काम घ्यायचंय तेवढं त्याला झेपेल का?

पुण्याचा सीझन संपून घोडे मुंबईला हलायची वेळ आली की 'लगेच घेऊन जा' अशी घाई केली जाते. तू आठवड्याची मुदत माग. ती देत नसतील तर घोडा सोडून दे, कितीही आवडला तरी.

सकाळी तो कामाला निघायच्या आधी जा. रात्री पायांना पट्ट्या बांधू नका, सकाळी पायांवर पाणी मारू नका, असं मोतद्दाराला आधीच सांगून ठेव. पट्टीखालचा पाय उबदार लागतो आणि सूज दबते. पाणी मारलं की खरी ऊब लपते. आधी बाहेरूनच बघ. मागचे पाय आलटून पालटून ढिले सोडले तर काही नाही. पुढचा एकच पाय सारखा पुढे काढून ठेवत असेल तर तो दुखतोय.

मग हात लाव. पालथ्या हाताने दोन्ही नळ्यांची, म्हणजे पुढच्या पायांच्या गुडघ्याखालच्या भागांची, ऊब ताडून बघ. नंतर पाय उचलून गुडघ्यात वाकव, म्हणजे टेंडन, स्नायू हाडाला जोडणारे दोर, सैल पडतात. नळीच्या हाडामागे अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत टेंडन धर आणि गुडघ्याखालून फेटलॉकपर्यंत, म्हणजे खुराच्या वरच्या सांध्यापर्यंत, बोटाबोटाने खाली ये. चांगला टेंडन पिळदार दोरीसारखा लागतो, कड स्पष्ट असते, वरचा आणि खोलचा वेगळा करता येतो. जिथे दोन्ही चिकटल्यासारखे वाटतील, कड बोथट लागेल किंवा तो पाय ओढून घेईल, तिथे थांब आणि दुसऱ्या पायावर नेमकी तीच जागा चाचप. व्हिडिओत तो बाजूने उभा असताना डाव्या नळीच्या मागची रेघ मला मध्यावर किंचित फुगीर दिसली. टेंडन गेलेल्या पायाची ठेवण तशी असते.

टेंडन गेला म्हणजे घोडा संपला असं नाही. फाटलेले तंतू जुळतात, पण जुळताना वणाची ऊती तयार होते आणि तिला पहिली लवचीकता नसते. म्हणून पुन्हा फाटतं ते भरधाव पळताना किंवा उडी मारून उतरताना. वर्षभरापूर्वीची, नीट भरून आलेली, सोनोग्राफीत तंतू सरळ दिसणारी इजा असेल तर रपेट आणि सपाटीवरचं काम तो आरामात करेल. इजा तीन महिन्यांची असेल तर पुढे नऊ ते बारा महिने मोजून चालवणं आणि वाट बघणं, एवढंच तुझ्या हातात. नळीवरच्या थंड, कडक, जुन्या उंचवट्यांची काळजी करू नकोस. मागच्या पायाच्या सस्पेन्सरी लिगामेंटचं, म्हणजे फेटलॉकला आधार देणाऱ्या बंधाचं, दुखणं किंवा खुराच्या आतल्या नॅव्हिक्युलर हाडाचा त्रास निघाला, तर मात्र तू घेऊ नकोस.

दुडकी बघायची ती कडक, सपाट जमिनीवर, दोर सैल सोडून. दुखरा पुढचा पाय टेकला की डोकं वर जातं, चांगला टेकला की खाली येतं. मग लहान वर्तुळात दोन्ही बाजूंना: खुराचं दुखणं कडक जमिनीवर उघडं पडतं, टेंडन-लिगामेंटचं मऊ जमिनीवर. डॉक्टर फेटलॉक मिनिटभर वाकवून धरतील आणि लगेच दुडकी मागतील. त्याच वेळी रक्ताचा नमुना घेऊन ठेवायला सांग. फेनिलब्युटाझोन हे वेदनाशामक दिलेला घोडा त्या दिवशी लंगडेलच असं नाही. सांध्यात स्टेरॉइड कधी दिलं होतं ते लेखी माग. दोन्ही पुढच्या पायांच्या टेंडनची सोनोग्राफी आणि गुडघे, फेटलॉक, पुढचे खूर यांचे एक्सरे काढ. घोडा फुकट मिळतोय म्हणून यावर वाचवू नकोस. त्याच्या अंगातली मायक्रोचिप त्याच्या पासपोर्टशी, म्हणजे ओळखपत्राशी, जुळते का बघ, आणि ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाच्या तपासणीचा दाखला घेतल्याशिवाय त्याला दुसऱ्या घोड्यांजवळ बांधू नकोस.

खूर बघशीलच. रेसच्या घोड्याचा पंजा, म्हणजे खुराचा पुढचा भाग, बहुधा लांब आणि टाच खाली गेलेली असते, त्याने नळीमागच्या टेंडनवर ताण वाढतो. नालबंदाने टाचेला आधार देत पंजा हळूहळू मागे आणायचा, दर चार ते सहा आठवड्यांनी, एका दमात नाही. खूर महिन्याला जेमतेम आठ-दहा मिलिमीटर वाढतो. पावसाळ्यात तळवा रोज कोरून कोरडा ठेव. तो काळपट दिसला आणि घाण वास आला की खूर कुजायला लागलाय.

दाणा एकदम तोडू नकोस, पोटशूळ उठेल. आजचं प्रमाण विचारून घे आणि दहा ते चौदा दिवसांत उतरव. चारशे सत्तर किलोच्या घोड्याला रोज नऊ-दहा किलो सुकं गवत, त्यातलं थोडं लसूणघास. या घोड्यांना पोटात अल्सर फार असतात, म्हणून कामाआधी मूठभर तरी चारा पोटात हवा. गव्हाचा कोंडा आपल्याकडे सढळ देतात. त्यात फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी, आणि ते हाडांना मारक. हिरवी ज्वारी अजिबात नको. गाईगुरांचं किंवा कोंबड्यांचं खाद्य चुकूनही त्याच्या बादलीत जाऊ देऊ नकोस. त्यात मोनेन्सिन नावाचं औषध असलं तर घोडा मरू शकतो.

आल्याबरोबर मोठ्या कुरणात सोडलास तर तो सुसाट धावेल आणि तोच पाय पुन्हा जाईल. पहिला महिना छोटं आवार, शांत जोडीदार घोडा, पुढे चारा. लगाम ओढला की त्याला 'आणखी जोरात' असं कळतं, तेव्हा ओढू नकोस. बसून, श्वास सोडून थांबव.

शेवटी पैशाचं. इजा ताजी निघाली तर बारा महिने तबेल्याचं भाडं, नालबंद, डॉक्टर, आणि एक दिवसही पाठीवर न बसता. तेवढे पैसे आधी बाजूला काढ. तपासणीला त्यांच्या तबेल्याचे डॉक्टर नकोत, दुसरे बोलाव. कोण येणार ते ठरलं की कळव, आणि सोनोग्राफीचे फोटो मला तसेच पाठव, डाव्या पायाचे आधी.

तुझी,
आई