आमचे वावर सांभाळणाऱ्या काकाजींना

आदरणीय काकाजी,

सादर नमस्कार.

हे पत्र मी सर्वांसमोर लिहीत आहे, कारण तुम्ही आमच्यासाठी काय केले ते गावाने डोळ्यांनी पाहिले असले, तरी त्यामुळे दूर टांझानियात काय होऊ शकले हे गावाला आणि कदाचित तुम्हालाही ठाऊक नाही. फोनवर आभाराचा शब्द काढला की तुम्ही ‘ते राहू दे, जेवला का ते सांग’ म्हणून विषय बदलता. म्हणून आज लिहूनच कळवतो.

धर्मगुरूपदाची दीक्षा झाल्यानंतर मला टांझानियाच्या शिन्यांगा भागात पाठवायचे ठरले, तेव्हा बाबांना लकवा होऊन फार काळ लोटला नव्हता. आईचा दिवस घर आणि दवाखाना यांतच संपत होता आणि आमचे कोरडवाहू वावर त्या वर्षी पडीक राहणार हे जवळजवळ ठरलेले होते. मी वरिष्ठांना नकार कळवण्याच्या विचारात असताना तुम्ही संध्याकाळी ओसरीवर येऊन बाबांना म्हणालात, ‘पोराला जाऊ द्या. तुमच्या वावराचा धुरा (बांध) माझ्या धुऱ्याला लागून आहे. माझा डवरा चालला की तुमच्यातही चालेल.’ मी ज्या कामासाठी निघालो होतो तो धर्म तुमचा नाही. त्याचा तुम्ही तेव्हाही उल्लेख केला नाहीत आणि नंतरही कधी केला नाहीत.

शिन्यांगा व्हिक्टोरिया सरोवराच्या दक्षिणेला आहे. तो सुकुमा लोकांचा मुलूख असून तिथेही आपल्यासारखाच पावसाच्या भरवशावरचा कापूस पिकतो. फक्त हंगाम उलटे आहेत. तिथे नोव्हेंबर-डिसेंबरच्या पावसावर सरकी टोचतात आणि आपण मृगाची वाट पाहत असतो त्या मे-जूनमध्ये तिथली वेचणी चालू असते. दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात, त्यामुळे आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक वाजलेला असतो. मक्याच्या पिठाचा घट्ट उगाली, सोबत पालेभाजी किंवा सरोवरातली वाळवलेली बारीक मासळी, हे रोजचे जेवण. दूरच्या वाड्यांवर धर्मगुरू काही आठवड्यांतून एकदाच पोहोचतो. एरवी तिथली प्रार्थना गावातलाच प्रशिक्षित धर्मशिक्षक चालवतो. शेजारची पाच-दहा घरे आठवड्यातून एकदा कोणाच्या तरी अंगणात जमून शास्त्रवाचन करतात आणि आजारी माणसाकडे कोणी जायचे, कोणाच्या घरी पाणी भरून द्यायचे, हे तिथेच ठरवतात. रविवारी पैशाऐवजी कोणी कोंबडी आणते, कोणी मका, कोणी अंडी. उपासनेनंतर चर्चच्या बाहेर त्यांचा लिलाव होतो आणि आलेली रक्कम चर्चच्या कामाला जाते. अशा गावात मिशनऱ्याचा पहिला बराच काळ देण्यापेक्षा घेण्यातच जातो. भाषा, अन्न, झोपायची जागा, रस्ता, सगळे दुसऱ्याकडून घ्यावे लागते आणि ते संकोच न करता घेता येणे हेही त्या कामाचेच अंग आहे, असे मी तिथे शिकलो. घेतल्यावर मान ताठ कशी ठेवायची आणि देणाऱ्याचा मान कसा राखायचा, हे मात्र तुम्ही आणि बाबा एकमेकांशी जसे वागत होता त्यावरून मला आधीच कळले होते.

मी कापूस पिकवणाऱ्याचा मुलगा आहे हे समजल्यावर तिथल्या एका म्हाताऱ्या बाईंनी मला सरळ शेतात नेले. वेचलेला कापूस त्या चटईवर पसरून स्वच्छ एका बाजूला आणि डागी, किडका दुसऱ्या बाजूला करीत होत्या. माझी बोटे आपोआप कामाला लागली, तेव्हा त्यांनी विचारले, ‘तू इथे आहेस, मग तुझ्या बापाचा कापूस कोण वेचते?’ मी तुमच्याबद्दल सांगितले. त्या आठवड्यापासून त्यांच्या अंगणातल्या प्रार्थनेत बाबांच्या पाठोपाठ तुमच्यासाठीही प्रार्थना होऊ लागली आणि ती अजून होते.

त्यांना जे सांगितले ते इथेही सांगतो. पहिल्या वेच्याआधी तुम्ही आमच्याही वावरात सीतादही, म्हणजे वेचणीआधीची दह्याची पूजा, केलीत आणि त्यासाठीचे दही आमच्या आईकडून मागून नेलेत, म्हणजे पीक आमचेच राहिले. वेचणीच्या दिवसांत रोज संध्याकाळी वहीच्या पानाचा फोटो मला यायचा: बायांची नावे, प्रत्येकीचे किलो आणि पुढे मजुरी. साडेअकरा किलो भरले असतील तिथे तुम्ही बाराचे पैसे लावलेले असायचे आणि तो अर्धा किलो आमच्या खात्यात न धरता तुमच्या खात्यात धरलेला असायचा. हे मी आईला दाखवले तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. बाबांना तपासणीला न्यायचे असले की काकू आमच्या घरी येऊन थांबायच्या, आणि डॉक्टरांनी काय सांगितले ते तुम्ही मला लपवाछपवी न करता त्याच रात्री कळवायचे. परदेशात राहणाऱ्याला घरची खरी बातमी मिळणे किती मोलाचे असते, हे तिथे राहिल्यावरच समजते. त्या भरवशावर मी दुसऱ्या दिवशी कोणाच्या आजारपणात, कोणाच्या मयतीत मन लावून बसू शकलो.

काकाजी, वहीतले ते सगळे अर्धे किलो मी जोडून ठेवले आहेत. या दिवाळीला रजेवर येईन तेव्हा तो हिशेब पूर्ण करू द्यावा आणि त्या दिवसांत दोन्ही वावरांतल्या वेचणीची वही माझ्या हाती द्यावी, ही विनंती. काकूंना नमस्कार.

आपला कृतज्ञ,
धुऱ्यापलीकडच्या घरचा मुलगा