बाबांच्या प्रश्नाचं उत्तर

प्रिय आई-बाबा,
सप्रेम सलाम.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "गेलेलं तारण परत मिळतं का गं?" तारण, म्हणजे देवाने पापातून केलेली आपली सुटका. मी घाईत "मिळतं" म्हणाले आणि मग रात्रभर झोप लागली नाही. दादा गेल्यावर पाच वर्षं तुम्ही प्रार्थना सोडली होती. हा प्रश्न तिथूनच आलाय ना?

आई सांगत होती, तुम्ही बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राचा सहावा अध्याय उघडून बसता. ज्यांना एकदा प्रकाश मिळाला, ज्यांनी स्वर्गीय दानाची रुची घेतली, ते पतित झाले तर त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य. ही ओळ मलाही हादरवते, आणि ती सौम्य करून सांगायचा मला अधिकार नाही. 'एकदा तारण झालं, आता कसंही वागा' म्हणणाऱ्याला मी हीच ओळ वाचून दाखवेन. पण बाबा, तिथे अशक्य म्हटलंय ते पश्चात्तापाकडे वळणं. तुम्ही तर पहाटे उठून त्या पानावर रडता! ज्याला पश्चात्ताप होतोय त्याच्यावर ती ओळ कशी लागू होईल? पुढे नवव्या वचनात लेखक त्याच वाचकांना प्रियजन म्हणतो आणि त्यांच्याबद्दल याहून चांगल्या गोष्टींची, तारणाची, खात्री बाळगतो. तुम्ही नेहमी आठव्या वचनाशीच थांबता का?

ख्रिस्ती मंडळीत हा वाद फार जुना आहे. 250 साली डेशियस बादशहाच्या छळात कितीतरी विश्वासणाऱ्यांनी रोमन देवांना बळी अर्पून जीव वाचवला. त्यांना परत घेऊच नये, असं रोमचा धर्मगुरू नोव्हेशियन म्हणाला. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या बिशप सिप्रियनने मात्र पश्चात्ताप केलेल्यांना परत घेतलं. पुढे 1547 मध्ये कॅथलिक मंडळीच्या ट्रेंटच्या परिषदेने ठरवलं की प्राणघातक पापाने कृपा जाते, पण प्रायश्चित्ताच्या संस्काराने ती पुन्हा मिळते. 1618-19 मध्ये हॉलंडमधल्या प्रोटेस्टंटांच्या डॉर्टच्या सभेने म्हटलं, देव आपल्या निवडलेल्यांना कायमचं गळू देत नाही. कृपेची जाणीव मात्र काही काळ हरवू शकते.

आई, विश्वास सोडला की माणूस कृपेला अंतरतो, असं गलतीकरांस पत्राच्या आधारे तू म्हणतेस. मला डॉर्टचं पटतं. दावीद राजा एक्कावन्नाव्या स्तोत्रात तारणाचा हर्ष परत मागतो. तारणच परत दे, असं म्हणत नाही. बाबा, त्या पाच वर्षांत तुमचा हर्ष गेला होता. दादाबरोबर घरातला सगळाच हर्ष गेला होता.

आणि पेत्र, कोंबडा आरवण्याआधी प्रभू येशूला ओळखतच नाही म्हणून नाकारणारा शिष्य. त्याच्या आधीच प्रभूने त्याला सांगितलं होतं, तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी प्रार्थना केली आहे, आणि तू वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर. 'वळलास तर' असं प्रभू म्हणाला नाही. नाकारण्याआधीच परतीनंतरचं काम सोपवून ठेवलं होतं. तुम्ही प्रार्थना सोडलीत तेव्हाही तुमच्यासाठी प्रार्थना चालूच होती, असं मी मनापासून मानते.

आईने आणखी एक सांगितलं, रागावू नका तिच्यावर. प्रभुभोजनाच्या वेळी द्राक्षरसाचा प्याला तुम्ही न पिता, मान खाली घालून पुढे देता म्हणे. येत्या रविवारी मी येतेय. तुमच्याशेजारी बसेन. प्याला आला की आधी तुम्ही घ्या, मग माझ्याकडे द्या.

तुमची,
धाकटी