पंधराचे तेरा कसे झाले

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, टीव्हीवर रग्बीच्या एका सामन्यात पंधरा गडी आणि दुसऱ्यात तेराच कसे, असं तुम्ही विचारलंत. फोनवर सगळं मावलं नसतं, म्हणून लिहून पाठवतेय.

मुळात भांडण नियमांवरून झालंच नाही, ते बुडालेल्या रोजावरून झालं. उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशायर-लँकेशायरच्या संघांतून गिरणीकामगार आणि खाणकामगार खेळायचे. सामने शनिवारी दुपारी असले, तरी शनिवारची सकाळची पाळी चुकत नसे. परगावचा सामना असला की सकाळीच आगगाडी धरायची, म्हणजे खाडा आणि खाड्याचे पैसे कापलेले. रग्बीच्या लंडनमधल्या संघटनेत वजन होतं ते बड्या शाळांतून आलेल्या मंडळींचं. खेळाचे पैसे घेणं त्यांना हलकेपणाचं वाटे. त्यांचा रोज कुठे बुडत होता म्हणा!

20 सप्टेंबर 1893 रोजी लंडनच्या सभेत यॉर्कशायरच्या जेम्स मिलर यांनी खाड्याच्या भरपाईचा ठराव मांडला. तो 282 विरुद्ध 136 मतांनी पडला. मग 29 ऑगस्ट 1895 ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. तिचं नाव नॉर्दर्न युनियन; ‘रग्बी लीग’ हे नाव 1922 मध्ये आलं. तुम्ही पाहिलेला तेरांचा खेळ तो हाच; पंधरांचा तो जुना ‘रग्बी युनियन’. पहिल्या मोसमात 22 क्लब होते. भरपाई ठरली दिवसाला जास्तीत जास्त 6 शिलिंग. उघड मानधनाला 1898 मध्ये परवानगी मिळाली, तीही खेळाडूला दुसरा कामधंदा असेल तरच.

आता तुमचा प्रश्न. खेळाडूला पैसे द्यायचे तर ते तिकिटांतून यायला हवेत, आणि लोक तिकीट काढतात ते खेळ दिसावा म्हणून. स्क्रममध्ये दोन्हीकडचे पुढचे गडी वाकून, खांद्याला खांदा भिडवून रेटत बसतात; चेंडू आत अडकला की प्रेक्षकांना नुसत्या पाठी दिसतात. म्हणून 1897 मध्ये आधी लाइन-आउट, म्हणजे मैदानाबाहेर गेलेला चेंडू दोन्ही संघांच्या रांगांमध्ये फेकून खेळ सुरू करणं, गेलं. 1906 मध्ये पुढच्या फळीतले दोन गडी कमी केले आणि मैदान मोकळं झालं. त्याच वर्षी दुसरा मोठा बदल झाला: पकडलेल्या गड्याला सोडायचं, त्याने उभं राहून चेंडू जमिनीवर ठेवायचा आणि पायाने खेळात आणायचा. आज सामन्यात दर मिनिटाला दिसतं ते हेच. माझ्या मते खरा वेगळा खेळ 1895 ला नाही, इथे सुरू झाला.

आई, तुला त्या चांदीच्या करंडकाचं कुतूहल होतं ना? तो चॅलेंज कप, नॉर्दर्न युनियनच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेचा. बाद पद्धतीच्या सामन्यांना गर्दी लोटते हे उत्तरेच्या क्लबांना फुटीच्या आधीपासून ठाऊक होतं. यॉर्कशायरचा जुना कप 1877 पासून चालू होता. लोक त्याला लाडाने ‘जुनं टिनपाट’ म्हणत. नवा करंडक ब्रॅडफर्डच्या फॅटोरिनी पेढीने 60 पौंडांत घडवला. तेव्हा पौंडाचे 20 शिलिंग, म्हणजे हिशेबाने 200 खाड्यांची भरपाई झाली बघ!

1896-97 च्या पहिल्या स्पर्धेत 52 संघ उतरले. अंतिम सामना 24 एप्रिल 1897 ला लीड्सच्या हेडिंग्लीवर, साडेतेरा हजारांच्या आसपास लोकांसमोर झाला. बॅटलीने सेंट हेलेन्सला 10-3 असं हरवलं. बॅटलीचे दोन ट्राय (चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवणं), प्रत्येकी 3 गुणांचे, आणि चेंडू जमिनीवर टप्पा पाडून मारलेला एक ड्रॉप गोल 4 गुणांचा. पुढच्या मोसमापासून सगळे गोल 2 गुणांचे झाले. ट्रायपेक्षा लाथेला जास्त मोल नको, असा विचार त्यामागे होता. नव्या मोजणीने तोच सामना 8-3 ठरला असता.

आणखी एक गंमत. नॉर्दर्न युनियनच्या पहिल्या मोसमाचा विजेता ब्रॅडफर्डचा मॅनिंगहॅम क्लब. पैशांची ओढाताण झाली तेव्हा 1903 मध्ये तो क्लब रग्बी सोडून फुटबॉलकडे वळला आणि ब्रॅडफर्ड सिटी झाला. 1911 मध्ये एफए कप या इंग्लंडच्या फुटबॉल स्पर्धेचा नवा करंडक घडवला तोही फॅटोरिनींनीच, आणि तो पहिल्यांदा जिंकला ब्रॅडफर्ड सिटीने. घरचा करंडक घरातच राहिला.

दोघांना नमस्कार.

तुमची,
लेक