नाझरसाहेब, पणजीच्या पाटल्यांसाठी आभार

आदरणीय नाझरसाहेब,
सादर नमस्कार.

हे पत्र मुद्दाम चारचौघांत लिहिते आहे. पणजोबांच्या कर्जापायी झालेल्या जप्तीचे जुने मोडी कागद तुम्ही मला वाचून दाखवलेत. जुन्या ट्रंकेत असे कागद पडून असलेली घरं पुष्कळ असतील. पण दिवाणी न्यायालयाच्या नाझर खात्यात, म्हणजे जप्ती-बजावणीचं काम पाहणाऱ्या खात्यात, नोकरी झालेला आणि वर मोडी घडाघडा वाचणारा माणूस सगळ्यांना कुठून भेटणार?

आमच्याकडे एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास सावकारानं पणजोबांवर दरखास्त (कोर्टाच्या निकालाप्रमाणे वसुलीचा अर्ज) लावली, जप्ती करणारा कोर्टाचा बेलीफ दारात आला, पण सावकाराला दया आली आणि त्यानं पणजीचं मंगळसूत्र सोडलं. तुम्ही जप्तीची यादी वाचलीत आणि चष्मा न काढताच म्हणालात, "दया कसली? कलम ६० आहे ते." १९०८ची दिवाणी प्रक्रिया संहिता. ऋणकोचे आणि त्याच्या बायकामुलांचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धर्माच्या चालीप्रमाणे बाईला अंगावरून उतरवता येत नाही असा दागिना, एवढ्याला जप्ती लागत नाही. शंभर वर्षं फुकटचं पुण्य खाल्लं त्या सावकारानं!

म्हणजे मंगळसूत्र सुटलं ते पणजीच्या मालकीचं म्हणून नव्हे, तर नवरा हयात असताना ते काढायचं नसतं म्हणून. माहेरहून आलेल्या पाटल्या खऱ्या तिच्या, आणि त्या मात्र यादीत चढल्या. कायदा रूढीपुढे थांबला आणि मालकीला म्हणाला, पुरावा आण. हे मला अजून टोचतं.

तुमचा पहिला प्रश्न होता, "खतावर पणजीचा अंगठा आहे का?" खत म्हणजे कर्जाचा लेखी दस्त. नव्हता. असता तरी, १८७६ साली मुंबई उच्च न्यायालयानं ठरवल्याप्रमाणे, नवऱ्याबरोबर कर्जात सामील झालेली हिंदू बायको तिच्या स्त्रीधनापुरतीच जबाबदार. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी, म्हणजे पैसे भरण्याच्या कोर्टाच्या निकालापायी, बाईला दिवाणी तुरुंगात टाकायलाही त्याच संहितेच्या कलम ५६नं बंदी होती. पणजोबांना तशी ढाल नव्हती. १८७५ साली सुप्याला सावकारांविरुद्ध दंगा पेटला, तो पुणे-नगर भागात पसरला आणि त्यानंतर १८७९चा दख्खनचा शेतकरी कायदा आला. त्यानं पैशाच्या हुकूमनाम्यापायी होणाऱ्या अटकेतून शेतकऱ्याला सोडवलं. पणजोबा किराणा दुकानदार. त्यांना त्याचा उपयोग शून्य.

मग तुम्ही याज्ञवल्क्याचा श्लोक म्हटलात. दुष्काळ, धर्मकार्य, आजारपण किंवा कैद, अशा अडचणीत नवऱ्यानं बायकोचं स्त्रीधन घेतलं तर ते परत करण्याची त्याच्यावर सक्ती नाही. ऐकून मी चिडलेच होते. तुम्ही हात वर करून थांबवलंत: ही सवलत नवऱ्याची, जातीनिशी त्याची. त्याच्या जागी उभं राहून सावकाराला ती वापरता येत नाही. पणजोबांनी स्वतः पाटल्या मोडल्या असत्या तर वेगळं. त्यांच्या कर्जापायी बेलीफ त्या उचलू शकत नव्हता. जप्त वस्तू माझ्या आहेत असं सांगणारा पणजीचा हरकत अर्ज याच फटीतून आत शिरला होता.

आणि पुरावा कुठला, तर लग्नाची याद, म्हणजे लग्नात ठरलेल्या देण्याघेण्याची यादी! तिच्यात पाटल्यांची जोडी वजनासकट लिहिलेली होती. पाटल्या सुटल्या. त्याच अर्जातलं तांब्याचं घंगाळ मात्र गेलं, कारण त्यावर नाव पणजोबांचं घातलेलं. अंघोळीचं घंगाळ स्वयंपाकाच्या भांड्यांत बसत नाही, हेही तुम्हीच दाखवलंत. अर्ज फेटाळला गेलेल्याला एका वर्षात वेगळा दावा लावता येत असे, पण एका घंगाळापायी वकिलाची फी कोण भरणार? भांड्यांवर कोणाचं नाव घालायचं यावरून आमच्याकडे लग्नात रुसवेफुगवे होतात; त्यांना मी आता हसत नाही.

१८७४च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याचा उल्लेख मी मोठ्या तोऱ्यात केला होता. तुम्ही शांतपणे कलम २ पुढे सरकवलंत: हिंदू, मुसलमान, बौद्ध, शीख, जैन यांना तो लागू नाही. बायकोची कमाई तिचीच, तिला स्वतःच्या नावानं दावा लावता येईल, नवरा तिच्या लग्नाआधीच्या कर्जाला बांधील नाही, या चांगल्या तरतुदी मुख्यतः ख्रिस्ती, पारशी, यहुदी घरांसाठी. बायकोच्या नावे घेतलेल्या आयुर्विम्याचं कलम ६ तेवढं पुढे हिंदूंपर्यंत आलं: मद्रासेत १९१३ संपल्यानंतरच्या पॉलिसींना, इतर ब्रिटिश मुलखात १ एप्रिल १९२३पासून. ती रक्कम नवऱ्याच्या धनकोंच्या हाती लागत नाही, मात्र त्यांना बुडवायच्या हेतूनं पॉलिसी काढली असेल तर लागते. विमा एजंट आजही याच कलमावर पॉलिसी विकतात, हे ऐकून तुम्ही खूश झालात ते आठवतं.

कागद वाचून दाखवण्याचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. पण आभार त्याहून वेगळ्या गोष्टीसाठी आहेत. पणजी आमच्या घरात "बिचारी" म्हणून ओळखली जायची. तिनं अर्ज दिला, याद हजर केली, आपल्या वस्तू मागून घेतल्या, हे तुमच्यामुळे कळलं. वडिलांनी ते दोनदा वाचून घेतलं.

यादीचं आणि हरकत अर्जाचं देवनागरी लिप्यंतर सोबत पाठवते आहे. शेरा आणि शिक्क्याखालच्या दोन ओळी मला लागल्या नाहीत, तिथे जागा मोकळी ठेवली आहे. सवडीनं भराव्यात, ही विनंती.

आपली नम्र,
पाटल्यावालीची पणती