पट्टी उतरली म्हणजे बँड संपला असं नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एखादा जुना बँड पुन्हा मंचावर आला की वृत्तपत्रांत त्याच्याबद्दल दोनच तऱ्हेचं लिहिलं जातं. एक म्हणजे ‘वय हा केवळ आकडा’, आणि दुसरं, ‘आवाज राहिला नाही, वेळीच थांबायला हवं होतं’. दोन्ही वाचून कार्यक्रमात नेमकं काय ऐकू आलं ते कळत नाही. बँडबद्दलचं लोकमत तीस-चाळीस वर्षांत पालटतं ते ठरावीक कारणांनी. ती कारणं कानाला ओळखता येतात आणि काही तर मोजता येतात. नागपुरात ध्वनियोजना, वादन आणि जुन्या कॅसेट संगणकावर उतरवून घेण्याचं काम करणाऱ्या आम्हा काही जणांना ती मांडावीशी वाटतात, कारण आपल्या शहरातल्या जुन्या ऑर्केस्ट्रांचा आणि कॉलेजच्या बँडचा प्रश्न त्यातच गुंतलेला आहे.

इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथ या हेवी मेटल बँडचं उदाहरण घ्या. त्यांचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० ला आला तेव्हा समीक्षकांनी तो झोडपला. ‘सैतानाचे भक्त’ ही प्रतिमा पुढे कितीतरी वर्षं त्यांना चिकटून राहिली. त्याच शहराने २०१९ मध्ये एका पुलाला त्यांचं नाव दिलं, २०२३ मध्ये तिथल्या रॉयल बॅलेने त्यांच्या संगीतावर बॅले बसवला आणि २०२५ मध्ये बँडच्या चौघांना शहराचा मानाचा नागरी सन्मान मिळाला. या पंचावन्न वर्षांत पहिल्या अल्बममधली एकही सुरावट बदललेली नाही. फरक एवढाच की ती ध्वनिमुद्रिका बाजारातून कधी गेली नाही. प्रत्येक पिढीला ती स्वतःच्या कानांनी ऐकता आली आणि आधीच्या पिढीचा निकाल फिरवता आला.

कोलकात्याच्या मोहिनेर घोडागुलीचं याच्या उलट झालं. जीवनानंद दासांच्या कवितेतून नाव घेतलेल्या या बँडच्या १९७७ ते १९७९ या काळात तीन ध्वनिमुद्रिका निघाल्या. त्या वेळी त्यांची फारशी कोणी दखल घेतली नाही आणि १९८१ च्या सुमारास बँड विसर्जित झाला. त्यानंतरची जवळजवळ दीड दशकं ऐकायला काही मिळतच नव्हतं, तर मत बदलणार कशाने? १९९५ मध्ये बँडच्याच गौतम चट्टोपाध्यायांनी नव्या मुलांना हाताशी धरून ‘आबार बछर कुडि परे’ हा संग्रह काढला आणि तिथून बंगाली रॉकचे आद्य पुरुष म्हणून या मंडळींचं नाव घेतलं जाऊ लागलं. त्या संग्रहातल्या ‘पृथिबी’ची चाल पुढे २००६ च्या ‘गँगस्टर’ चित्रपटातून देशभर पोहोचली. गौतमदा मात्र १९९९ मध्येच गेले होते.

आता आवाजाबद्दल. वयानुसार स्वरतंतूंची लवचिकता कमी होते, वरचे सूर आधी जातात, मग बँड पट्टी उतरवतो, म्हणजे अख्खं गाणं मुळापेक्षा खालच्या सुरात घेतो. यात लपवण्यासारखं काही नाही. आपल्याकडे हार्मोनियमच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून सूर सांगतात; आपले गायक काळी चारवरून खालच्या काळी दोनवर आले तर मैफलीत कोणी नाक मुरडत नाही. रॉक बँडला ही गोष्ट अवघड जाते ती गिटारमुळे. हार्मोनियमवर सा बदलला की काम भागतं, कीबोर्डवर एक बटण दाबलं की झालं. गिटारच्या कित्येक सुरावटी खुल्या, म्हणजे बोटाने न दाबलेल्या तारांवर बांधलेल्या असतात. डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘स्मोक ऑन द वॉटर’ची ती जगप्रसिद्ध सुरुवात खुल्या तारांवरच छेडली जाते. ती अर्धा सूर खाली दुसऱ्या जागी वाजवली तर सूर बरोबर येतो, पण तारेची मोकळी गुंज येत नाही. म्हणून अख्खी गिटारच उतरवावी लागते, म्हणजे पांढरी तीनला लावलेली जाड तार काळी दोनला आणायची.

इथे बहुतेकांची चूक होते ती अशी. गिटारवर नऊचा (बारीक तारांचा; आकडा वाढला की तार जाड) सेट चढवलेला असतो आणि त्याच तारा सैल केल्या जातात. सैल तार बोटाने दाबली की ताणली जाते आणि सूर थोडा चढतो. त्यातून बेस उतरवलेला असेल आणि कीबोर्डवाला जुन्याच पट्टीतले आधी भरून ठेवलेले तुकडे सोडत असेल, तर कानाला नुसता कचका जाणवतो. श्रोते घरी जाताना म्हणतात, म्हातारा बेसूर गायला. अर्धा सूर उतरवायचा तर दहाचा सेट आणि पूर्ण सूर उतरवायचा तर अकराचा सेट चढवावा, मग गिटारच्या मानेचा ताण आणि तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवरचे सूर पुन्हा जुळवून घ्यावेत. हे काम कार्यक्रमाच्या किमान दोन दिवस आधी करावं. नव्या तारा पहिल्या दिवशी सूर धरत नाहीत.

पट्टी उतरवणं म्हणजे हार मानणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी ब्लॅक सॅबथच्या टोनी आयोमीकडे पाहावं, तो त्यांचा गिटारवादक. सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबण्याचा हात तोच. प्लास्टिक वितळवून त्याने बोटांना टोप्या केल्या, हलक्या तारा चढवल्या आणि १९७१ च्या अल्बममध्ये गिटार पांढरी तीनवरून थेट काळी एकपर्यंत खाली आणली. तो खर्जातला घोगरा नाद पुढे सगळ्या हेवी मेटलची ओळख झाला.

लय हीसुद्धा अशीच नीट न समजलेली बाब आहे. ड्रमर थकला की लय उतरते आणि ‘बरं झालं, गायकाला सोपं’ असं बरोबरचे लोक म्हणतात. खरं तर गायकाला ते जड जातं. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत सोळा ठोक्यांची ओळ ८ सेकंदांत संपते, ११२ च्या लयीत तिला साडेआठ सेकंद लागतात. ज्याचा दमसास आधीच कमी झालाय त्याला तेवढ्यात श्वास तोडावा लागतो. पट्टी उतरवावी, लय शक्यतो उतरवू नये.

गाण्यांची निवड हा तिसरा भाग. ‘चाइल्ड इन टाइम’मधल्या किंकाळीसारख्या ताना आता निघत नाहीत हे ओळखून डीप पर्पलने ते गाणं गेल्या वीसेक वर्षांत कार्यक्रमात घेतलेलं नाही. आम्हाला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. ५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर सॅबथचा गायक ऑझी ऑस्बर्न पार्किन्सनमुळे उभा राहू शकत नव्हता. दिवसभर इतर बँड वाजत राहिले. ऑझीने सिंहासनावर बसून आधी स्वतःची पाच गाणी आणि मग मूळच्या तिघा साथीदारांबरोबर सॅबथची चार गाणी म्हटली. एकूण नऊ गाणी, तीही मध्ये विश्रांती घेऊन. सतरा दिवसांनी, २२ जुलैला तो गेला. त्याच्या अंगात शेवटी जेवढी ताकद होती तेवढीच मागणारा कार्यक्रम त्याच्या माणसांनी आखला होता, आणि म्हणूनच तो निरोप इतका नीट झाला.

आता आपल्या गावाकडे येतो.

धनवटे रंगमंदिरात, वसंतराव देशपांडे सभागृहात, गणेशोत्सवाच्या मांडवांत आणि कॉलेजांच्या गॅदरिंगमध्ये वाजलेल्या ऑर्केस्ट्रांची आणि बँडची आठवण काढणारे लोक नागपुरात भरपूर आहेत. पुरावा मात्र उरलाय तो घरोघरच्या कॅसेटमध्ये, आणि त्या कॅसेट बहुधा माळ्यावर नाहीतर कूलर लावलेल्या खोलीत पडून आहेत. मे महिन्यात माळ्याखालचा पत्रा किंवा स्लॅब तापतो. कूलरच्या खोलीत गारवा मिळतो खरा, पण हवेतला दमटपणा वाढतो आणि फितीवर पांढरी बुरशी धरते. कॅसेट ठेवायच्या त्या खालच्या मजल्यावर, आतल्या भिंतीच्या कपाटात, उभ्या आणि फीत एका बाजूला पूर्ण गुंडाळलेली, स्पीकरपासून दूर.

संगणकावर उतरवण्याआधी कॅसेटच्या खिडकीतून फीत उजेडात बघा. कडांवर पांढरी भुकटी दिसली तर ती कॅसेट मुळीच लावू नका. यंत्रात बुरशी शिरली की पुढच्या दहा कॅसेटना लागते. तिला वेगळ्या पिशवीत बंद करा आणि जाणकाराकडे द्या. फीत स्वच्छ असेल तर एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवा, म्हणजे चिकटलेले थर मोकळे होतात. आत छोटी नमद्याची गादी असते, तिचा गोंद वाळून ती पडलेली असली तर आवाज दबका येतो. अशा वेळी फीत काढून दुसऱ्या चांगल्या कवचात घालावी. पाच स्क्रूंची कवचं उघडता येतात, चिकटवलेली फोडावी लागतात. तुटलेली फीत घरगुती चिकटपट्टीने जोडू नये. तिचा गोंद उन्हाळ्यात पाझरतो आणि शेजारच्या थरांना धरतो.

यंत्राचं हेड, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणारा भाग, प्रत्येक कॅसेटनंतर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावं. रबरी रोलरला मात्र ते लावू नये, त्याने रबर कडक होतं. हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो. तो कॅसेटगणिक किंचित फिरवून झांजांचा आवाज सर्वांत स्पष्ट येईल तिथे ठेवावा. एवढ्या एका गोष्टीने पडद्याआडून आल्यासारखा आवाज समोर येतो. भरताना डॉल्बी (कॅसेटची खरखर कमी करणारी सोय) वापरलं होतं की नाही हे ठाऊक नसेल तर बटण बंद ठेवावं, ते काम संगणकावर नंतर करता येतं. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर वेव्ह फाइल करावी. तासाला साधारण २ जीबी जागा लागते. मूळ प्रतीवरची खरखर काढू नये. सफाई करायची ती दुसऱ्या प्रतीवर.

यानंतर येतो निकाल देण्याचा भाग, आणि तिथेच अन्याय होतो. टू-इन-वनवर भरलेल्या कॅसेटमध्ये यंत्र आपणहून आवाज कमीजास्त करत असे, त्यामुळे जोरकस ड्रमच्या मागे गायक बुडतो आणि शांत जागी खरखर उसळते. सभागृहातले माइक जोडलेल्या मिक्सरमधून थेट भरलेल्या कॅसेटमध्ये गायक अगदी पुढे आणि गिटार-ड्रम जवळजवळ गायब असतात. याचं कारण साधं आहे. छोट्या सभागृहात त्या वाद्यांना माइक लावलेच जात नसत, ती तशीच ऐकू जात. हे माहीत नसलेला माणूस ‘बँड अगदीच पोकळ होता’ म्हणून मोकळा होतो.

वेगाचंही तसंच. भरताना सेल उतरलेले असतील तर फीत हळू फिरलेली असते, आणि नंतर चांगल्या यंत्रावर तीच कॅसेट जलद वाजते. ६ टक्के जलद म्हणजे अर्धा सूर वर. मग तरुणपणी अमुक गायक काळी चारमध्ये गायचा अशी दंतकथा तयार होते आणि सत्तरीतल्या बिचाऱ्या गायकाची तुलना तिच्याशी होते. तपासायला दोन खुणा आहेत. विजेची गुणगुण ५० हर्ट्झऐवजी ५३ वर दिसली तर फीत जलद आहे. पण त्या काळी आपल्याकडे विजेची वारंवारिताच ४८-४९ पर्यंत घसरत असे, म्हणून एवढ्यावर विसंबू नये. गाण्यात इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड असेल तर त्याचा सूर पाहावा, कारण तो ४४० च्या हिशेबाने (पांढरी सहा म्हणजे ४४० हर्ट्झ) पक्का असतो. दोन्ही खुणा जुळल्या की मगच वेग दुरुस्त करावा आणि किती टक्के केला ते फाइलसोबत लिहून ठेवावं.

कायद्याचं थोडक्यात. प्रकाशित ध्वनिमुद्रणाचा हक्क आपल्या देशात ६० वर्षं, कलावंताचा सादरीकरणाचा हक्क ५० वर्षं. चित्रपटगीतांचे कार्यक्रम इंटरनेटवर टाकले तर मूळ हक्कदारांचा आक्षेप येऊ शकतो. बँडच्या स्वतःच्या रचना असतील तर त्या आधी उतरवा आणि हयात असलेल्या प्रत्येक वादकाची लेखी संमती आजच घ्या. बँडचं नाव कोणाचं, यावर पिंक फ्लॉइडसारख्या ब्रिटिश बँडमध्ये कोर्टकचेरी झाली होती आणि १९८७ च्या अखेरीस समेट झाला. ते टाळायचं तर नावाची ट्रेडमार्क नोंदणी ४१ व्या, म्हणजे करमणुकीच्या सेवांच्या वर्गात होते, दर दहा वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं.

आपल्याला दोन विनंत्या आहेत. जुन्या बँडच्या कार्यक्रमाचा वृत्तांत लिहिणाऱ्याने पट्टी किती उतरवली, मूळचे वादक किती होते, किती गाणी झाली आणि त्यात आधी भरून ठेवलेला आवाज किती होता, एवढं तरी नोंदवावं. पंचवीस वर्षांनी कोणी ते वाचेल तेव्हा त्याला त्यातून काही तरी हाती लागेल. दुसरी विनंती आपल्या जुन्या अंकांबद्दल. कॅसेटच्या पाठीवर बहुतेक वेळा नुसतं ‘प्रोग्राम, साइड बी’ एवढंच लिहिलेलं असतं. तारीख आणि वादकांची नावं सापडतात ती त्या काळच्या छोट्या जाहिरातींत आणि ‘शहरात आज’सारख्या सदरांत. आपल्या दप्तरातल्या १९७० ते १९९५ च्या फायली आठवड्यातून एक दिवस अशा कामासाठी पाहू द्याल तर आम्ही कॅसेटची यादी घेऊन येऊ, आणि जुळलेल्या नोंदींची एक प्रत आपल्याकडेही ठेवू.

कळावे,
आपले,
नागपुरातील काही ध्वनितंत्रज्ञ व वादक